अकरा आठवडे काटा हललाच नाही

आपल्या भाषेत एखादा माणूस जाड झाला की त्याची ‘तब्येत सुधारली’ आणि बारीक झाला की ‘तब्येत उतरली’ असे म्हणतात. खात्यापित्या घरचा, अंगापिंडाने भरलेला, भारदस्त, वजनदार हे सारे शब्द कौतुकाचे. उलट खंगला, सुकला, वाळला, हाडाची काडे झाली, यांतला एकही शब्द कोणाला आपल्या मुलासाठी वापरावासा वाटत नाही. ज्या मुलखात पिढ्यान् पिढ्या पावसाळ्याचे दोन महिने अर्धपोटी गेले, तिथल्या भाषेने दुसरे काय करावे? पण मनावर घेऊन चाळीसएक किलो वजन उतरवायला निघालेल्या माणसाची या भाषेत मोठी पंचाईत होते. चंद्रपूरच्या रस्त्यावर मला दोन वर्षांत जेवढ्या लोकांनी थांबवले, त्यांतल्या निम्म्यांनी तरी आवाज खाली आणून विचारले, “साहेब, शुगर निघाली का?” काहींनी त्याहून वाईट रोगाचे नाव मनात आणले असणार, पण ते सभ्य होते. माझ्या एका मावसबहिणीने तर माझ्या पत्नीला बाजूला घेऊन, “रिपोर्ट काय म्हणतो ते खरं सांग,” असे म्हणून डोळ्यांना पदर लावला होता.

रिपोर्ट काही म्हणत नव्हता. मी राष्ट्रीयीकृत बँकेतून २०२० साली निवृत्त झालो. छत्तीस वर्षांच्या नोकरीतली बहुतेक वर्षे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत गेली. २०२१ च्या डिसेंबरात मी ११७ किलो होतो. २०२४ च्या जानेवारीअखेर ७८ झालो. म्हणजे सव्वीस महिन्यांत ३९ किलो. लोक हे ऐकतात आणि लगेच विचारतात, “काय खाल्लं? काय सोडलं?” हा प्रश्न सोपा आहे, त्याची उत्तरे देणारी पुस्तके आणि भाषणे पुष्कळ. “सव्वीस महिने टिकलात कसे?” असे मात्र क्वचितच कोणी विचारते. खरी गोष्ट तीच आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी थोडा हिशेब. सवय जात नाही. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० कॅलरी असतात, असे धरतात. ३९ किलोंच्या झाल्या तीन लाखांवर. आकडा ऐकून छाती दडपते. पण सव्वीस महिन्यांचे दिवस होतात सुमारे ७९०. भाग दिला की रोजच्या पावणेचारशेच्या थोड्या वर कॅलरी येतात. एक प्लेट तर्रीपोहे आणि वर गोड चहा, एवढीच ती रोजची तूट. कोणीही करू शकेल अशी. अडचण एवढीच की ती एकही खंड न पाडता दोन वर्षे करायची असते, आणि प्रत्यक्षात शरीर हा हिशेब असा सरळ चालू देत नाही.

पहिले तीन महिने उत्सवासारखे जातात. माझे चौदा किलो गेले. त्यांतले पहिले काही किलो तर नुसते पाणी होते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेला आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी धरून ठेवण्याची खोड असते. ती साखर खर्च झाली की पाणीही जाते. पण माणसाला वाटते, आपण जिंकलो. शर्ट ढिले होतात, मुलगी पुण्याहून फोनवर “बाबा, फोटो पाठवा” म्हणते. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर मी १०३ वर होतो. नंतर काटा जो थांबला, तो अकरा आठवडे. तेच जेवण, तेच पथ्य, तोच माणूस. पण सोमवारी सकाळी काट्यावर उभे राहावे तर १०३, फार तर १०२.८, पुढच्या सोमवारी पुन्हा १०३.२. जे सोडून देतात ते इथे सोडून देतात. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी वजन उतरवायला घेतले होते, त्यांतले बहुतेक याच टप्प्यावर गळाले. लोक त्यांना ‘इच्छाशक्ती नाही’ म्हणाले, आणि दुःखाची गोष्ट ही की त्यांनाही ते पटले.

यात इच्छाशक्तीचा दोष किती, हे विज्ञानाने बरेच तपासले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपासमार झालेल्या युरोपला पुन्हा खायला घालायचे कसे, हे शोधायचे होते. त्या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण त्याबरोबर त्यांची शरीरेही कंजूष झाली. नाडी मंदावली, अंग थंड पडू लागले, आणि मनात अन्नावाचून विषय उरेना. चांगली शिकलेली मुले पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागली. अलीकडे, २०१६ साली, वजन घटवण्याच्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या चौदा स्पर्धकांचा सहा वर्षांनंतरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते आणि त्यांच्या शरीरांचा स्वस्थ बसल्या जागचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. म्हणजे शरीराला आपण ‘बारीक व्हायचे आहे’ हे कळत नाही. त्याला दुष्काळ पडला आहे एवढेच कळते. दुष्काळात शहाणा शेतकरी जे करतो तेच ते करते. खर्च आवरते आणि धान्याच्या कोठीवर बसून राहते.

हे वाचल्यावर माझ्या मनावरचे ओझे बरेच उतरले. बँकेत रोजकीर्द जुळत नसली की नवा कारकून स्वतःला दोष देऊन घामाघूम होतो. जुना शांतपणे कुठे अडले आहे ते शोधतो. मी एका जुन्या वहीत रकाने पाडले. पहिला रकाना वजनाचा. दुसरा कमरेच्या घेराचा, सेंटिमीटरमध्ये. तिसरा घराचा जिना न थांबता चढलो का याचा. चौथा रात्री घोरलो का याचा. तो अर्थातच पत्नी भरत असे आणि त्यात ती दयामाया दाखवत नसे. त्या अकरा आठवड्यांत पहिल्या रकान्यात एकही चांगली बातमी नाही. पण दुसऱ्यात कंबर चार सेंटिमीटरने उतरलेली आहे, तिसऱ्यात ‘थांबलो’ची जागा ‘न थांबता’ने घेतली आहे आणि चौथ्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, नव्या शाईने, ‘शांत झोप’ असे लिहिले आहे. नुसता काटा पाहिला असता, तर मीही मार्चअखेर पोह्यांच्या गाडीवर परत गेलो असतो.

आता पथ्याविषयी, कारण त्याशिवाय वाचक सोडणार नाहीत. महाराष्ट्रातल्या घराघरांत २०१८ च्या सुमाराला एक वाद पेटला होता, तो आठवत असेल: दीक्षित की दिवेकर? एका घरात सासू दीक्षितांची आणि सून दिवेकरांची, असे प्रकार झाले. ऋजुता दिवेकर यांचे २००९ सालचे पुस्तक गाजलेले. थोडे थोडे, वेळेवर, घरचे, आपल्या मातीतले खा, तुपाला घाबरू नका, हे त्यांचे सांगणे. डॉ. जगन्नाथ दीक्षित तेव्हा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक. त्यांचे सांगणे नेमके उलट. दिवसातून दोनदाच, खरी भूक लागेल तेव्हा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा काळा चहा यापलीकडे काही नको. आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. त्यांना ही दिशा मिळाली ती आपल्या विदर्भाच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या जुन्या व्याख्यानातून. काटोलचे हे गृहस्थ पंचविशीत आमदार झाले. पदव्यांची माळ गळ्यात, नागपुरात त्यांच्या बुद्धीच्या दंतकथा. २००४ साली मोटार अपघातात ते गेले. त्यानंतर आठएक वर्षांनी लातूरच्या एका डॉक्टरांनी त्यांचे ध्वनिमुद्रित भाषण ऐकले, स्वतःवर प्रयोग केला, तीन महिन्यांत आठ किलो उतरवले आणि गावोगाव फुकट व्याख्याने सुरू केली. मेलेल्या माणसाच्या आवाजाने एवढे लोक जेवणाच्या ताटावरून उठवावेत, ही एखाद्या कादंबरीत शोभेल अशी गोष्ट आहे. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना न विचारता दोन जेवणांवर येऊ नये. साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

असेच काहीसे १८६३ साली लंडनमध्ये झाले होते. विल्यम बँटिंग नावाचा, अंत्यविधीचा व्यवसाय करणारा, माझ्याच वयाचा स्थूल गृहस्थ. त्याने साखर, पाव, बटाटे कमी करून वर्षभरात वीसएक किलो घटवले आणि आनंदाच्या भरात एक पत्रवजा पुस्तिका स्वखर्चाने छापून वाटली. ती इतकी गाजली की पथ्य करण्याला ‘बँटिंग करणे’ असेच लोक म्हणू लागले. वजन उतरलेला माणूस गप्प बसू शकत नाही, हे तेव्हापासून सिद्ध आहे. हा लेख त्याचाच पुरावा.

कोणाचे पथ्य खरे? २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६०९ लोकांना दोन गटांत वाटून, एकाला कमी चरबीचे आणि दुसऱ्याला कमी पिष्टमय पदार्थांचे जेवण वर्षभर दिले. वर्षाअखेर दोन्ही गटांची सरासरी घट जवळजवळ सारखी, पाच-सहा किलो. पण प्रत्येक गटात कोणी खूप उतरले होते, तर कोणी चक्क वाढले होते. मला यातून एवढेच कळते की जे पथ्य तुमच्या घराच्या चुलीवर आणि तुमच्या स्वभावात बसते ते घ्यावे. मी दोन जेवणांचे घेतले, याचे कारण शास्त्रीय नव्हते. मला मोजायचा कंटाळा आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले. आता बदाम मोजायची इच्छा नव्हती. सकाळी साडेदहा आणि संध्याकाळी साडेसहा, एवढ्या दोन वेळा सांभाळल्या की बाकी दिवस निर्णयाविना जात होता. दिवसातून तीस वेळा ‘खाऊ की नको’ हे ठरवण्यातच माणूस थकतो. ते एकदाच ठरवून टाकल्याने मन बरेच मोकळे राहते.

त्याआधी एका मोठ्या शहरातल्या एका केंद्रात मी नाव घातले होते. पैसे आगाऊ घेतले, भुकटीचे डबे दिले आणि रोज सकाळी एक मुलगी फोनवर, “सर, काल काय खाल्लं?” असे दरडावून विचारी. डबे संपले तसा फोनही संपला. अहेरीच्या शाखेत माझ्याबरोबर असलेला, आता निवृत्त झालेला एक शिपाई त्या सुमारास भेटायला आला होता. त्याला मी रक्कम सांगितली. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “साहेब, उपाशी राहासाठी पैसे दिले तुमी?”

त्याच्या प्रश्नात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो मला अजून सोडत नाही. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा, तीन चतुर्थांशांहून अधिक भाग जंगलाचा. तिथे मी कर्जवसुलीला ज्या घरांत गेलो, त्यांतल्या माणसांच्या बरगड्या मोजता येत. मोहफुले वाळवून ठेवायची, पावसाळ्यात तीच शिजवून खायची, आंबील प्यायची. अशा घरासमोर जीपमधून धापा टाकत उतरणारा ११० किलोंचा मॅनेजर काय दिसत असेल? वजन घटवणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असे म्हणून हा विषय सोडून द्यावा, असेही मला एकदा वाटले होते.

पण गोष्ट इतकी सोपी राहिलेली नाही. गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था १९८६ पासून काम करते. नवजात बालकांचे मृत्यू घरच्या घरी कसे रोखावेत, यावरचे तिचे १९९९ सालचे संशोधन जगाने उचलले. त्याच संस्थेतल्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की या खेड्यांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे आहे. सातांत एक मृत्यू त्याने होतो. हिवतापाने नव्हे, सापाने नव्हे, तर ज्याला आपण शहरी साहेबांचा आजार समजत होतो त्या रक्तदाबाच्या वाटेने. आणि ही माणसे जाड नव्हेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. दिसायला बारीक, आत चरबी, अशी आपली घडण. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा कमरेचा घेर अधिक खरे बोलतो. पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे डॉक्टर सांगतात. घरात शिवणकामाची टेप असतेच.

डॉ. बंगांना स्वतःला चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातून ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक झाले. आमच्या बँकेत ते हातोहात फिरत होते. वाचून आठवडाभर अख्खी शाखा लिफ्ट सोडून जिन्याने जाई. नंतर पुन्हा लिफ्टपाशी रांग लागे. पुस्तकाचा त्यात काय दोष? लेखकाला मरण दिसले होते, आम्हाला ते फक्त वाचायला मिळाले होते. भीती माणसाला उठवून बसवते खरी, पण ती तीनएक महिन्यांत शिळी होते. माझ्या बाबतीतही तसेच झाले. डॉक्टरांनी गुडघ्यांची क्ष-किरण छायाचित्रे दाखवून घाबरवले, त्या धाकावर फेब्रुवारी गाठला. पुढे दुसरे काही लागले.

ते दुसरे म्हणजे तीन माणसे. एक निवृत्त मास्तर, एक वेकोलिच्या खाणीतून निवृत्त झालेले ओव्हरमन आणि एक औषधांच्या दुकानाचे मालक. पहाटे पाचला जटपुरा गेटपाशी भेटायचे असे ठरले. नियम एकच. जो येणार नाही, त्याच्या घरी उरलेले तिघे जातील, ओट्यावर बसतील आणि वहिनींना चहा मागतील. मास्तरांच्या सौभाग्यवतींना दोनदा पहाटे तिघांचा चहा करावा लागला. त्यानंतर मास्तरांना घराबाहेर ढकलण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले. जगातल्या कोणत्याही प्रेरणादायी भाषणाला जे जमले नसते, ते या चहाने केले.

चंद्रपुरात चालणे हीही काही साधी गोष्ट नाही. मे महिन्यात पारा ४७-४८ पर्यंत जातो. सकाळी सातला भिंती तापू लागतात. हवेत कोळशाची धूळ. पांढरा सदरा घालून फिरायला जाणारा माणूस इथला नाही, हे लगेच ओळखावे. आणि वाघ. २०२२ च्या फेब्रुवारीत, म्हणजे माझा काटा थांबायच्या सुमारासच, औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराला आणि लगतच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला मारले. त्या बाजूने पहाटे फिरणे बंदच झाले. आम्ही गावाच्या आत आलो. गोंडराजांनी बांधलेला परकोट, चार दरवाजे आणि पाच खिडक्या, अजून शहराला वेढून उभा आहे. वर्षानुवर्षे त्यावर झाडोरा आणि कचरा माजला होता. बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून राबून तो मोकळा केला. रामाळा तलाव, बगड खिडकी, परकोटाची कडा असा आमचा फेरा ठरला. ओव्हरमन दर दिवशी एखादा बुरूज जुनी ओळख निघाल्यासारखा थोपटत. शहरात साठ वर्षे राहून मी ही भिंत एवढी जवळून पाहिली नव्हती. पुढे पुढे वजनासाठी जातो आहोत हे विसरायला झाले, आणि तेच बरे होते. तासभर चालून जळतात त्या अडीचशे-तीनशे कॅलरी. नुसत्या चालण्याने ३९ किलो गेले असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चालण्याने मन जागेवर राहते, आणि मन जागेवर राहिले की ताटावरचा हात आवरतो.

हे लिहिताना मनात एक खटकते. आम्ही चौघे वाघाला टाळून दुसरा रस्ता धरू शकलो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच मोहफुले वेचायला जंगलात जाणाऱ्या बायकांना दुसरा रस्ता नसतो. दरवर्षी त्यांतल्या काही परत येत नाहीत. त्यांच्या चालण्याला आपण व्यायाम म्हणत नाही.

जेवणातली सर्वांत कठीण लढाई भाताशी झाली. माझी सासुरवाडी ब्रह्मपुरीची; ती सगळी झाडीपट्टी धानाची, तळ्यांची. तिथे जेवण म्हणजे भात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने स्वतःच्या तुकड्यावर निवडून निवडून जे बारीक, सुवासिक वाण काढले आणि घड्याळाच्या नावावरून ज्याला ‘एचएमटी’ म्हटले, तो भात एकदा वाफाळत पानात आला, की नको म्हणायला संतच हवा. २०१८ साली दादाजी गेले; श्रेय आणि पैसा दोन्ही त्यांना उशिरा आणि थोडे मिळाले. मी भात सोडला नाही. पत्नीने एक लहान वाटी कपाटातून काढली आणि म्हणाली, “अहो, सोडू नका. सोडलेलं माणसाच्या स्वप्नात येतं. ही वाटी, एकदा.” आधी डाळ, भाजी, काकडी, मग ती वाटी. सव्वीस महिने ती वाटी बदलली नाही. घरच्या बाईने मनावर घेतल्याखेरीज या देशात कोणा पुरुषाचे वजन उतरलेले मी पाहिले नाही. आणि घरच्या बाईलाच वजन उतरवायचे असेल, तर तिच्यासाठी वाटी कोण काढतो, हेही मी फारसे पाहिलेले नाही.

हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव रात्रभर खेळ करतात. २०२३ साली या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या मुलखाची छाती फुगली. नाटक म्हटले की पाहुणे आले, पाहुणे आले की गोडधोड आणि मटण आले. मी जाणे बंद केले नाही. संध्याकाळी जेवून जायचे, रात्री काळा चहा प्यायचा आणि “थोडं तरी घ्या” याला “पोट भरलंय” असे न म्हणता “डॉक्टरांनी मना केलंय” म्हणायचे. आपल्याकडे स्वतःच्या इच्छेने न खाणाऱ्याला कोणी जुमानत नाही. डॉक्टरांच्या नावाला मात्र मान आहे. दोनदा मीही पंगतीत पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी साडेदहालाच जेवलो, उपास करून उट्टे काढले नाही. बुडालेल्या हप्त्यासाठी खाते बंद करायचे नसते; पुढचा हप्ता वेळेवर भरायचा असतो.

२०२५ साली वजनाची नवी इंजेक्शने आपल्या बाजारात आली. दर आठवड्याला एक टोचायचे, भूकच मंदावते. २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन घटले, ही लहान गोष्ट नव्हे. ज्याचे शरीर सगळे करूनही ऐकत नाही, त्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतले तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण आळशी म्हणतो का? पण पुढच्या वर्षीच्या पाहणीत असे दिसले की औषध थांबल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. तिथेही प्रश्न टिकण्याचाच आहे.

वजन उतरवल्यानंतरच्या दिवसांविषयी कोणी बोलत नाही, कारण त्यात बातमी नसते. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवतात, ज्यांनी किमान साडेतेरा किलो घटवून ते वर्षभर तरी टिकवले. हजारो लोकांची नावे तिच्यात आहेत. त्यांच्यात समान काय आढळले? बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, रोज तासाभराची हालचाल करतात, आठवड्याचे सातही दिवस साधारण सारखेच जेवतात. वाचताना कंटाळा यावा अशी यादी. त्यात कुठे साक्षात्कार नाही, कुठे निर्धार नाही.

आमच्या चौघांपैकी मास्तरांचे सात किलो परत आले. ते म्हणतात, “आले तर आले, ओळखीचेच आहेत.” पण पहाटे ते येतात. ओव्हरमन गेल्या वर्षी मुलाकडे राहायला गेले. आता आम्ही तिघेच फिरतो. औषधवाल्यांचे वजन मुळात फारसे उतरलेच नाही, पण त्यांच्या रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली आणि ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात. माझे शिंपी माझ्या जुन्या सफारी आत घेताना शिवणीतले कापड कापत नाहीत. आत दाब ठेवतात. “असू द्या साहेब, कापड चांगलं आहे,” म्हणतात. मी काही बोलत नाही.

गेल्या सोमवारी काटा ७९.४ वर होता. या महिन्यात तीन लग्ने आहेत. त्यांतले एक वडशाचे.